हिरवी कौलं, पिवळी कौलं

जुन्या बीजिंगमध्ये घर कुणाचं आहे हे विचारावं लागत नसे. मान वर करून छपराकडे पाहिलं की कळायचं. साध्या माणसाच्या घरावर राखाडी कौलं. राजपुत्राच्या मुख्य इमारतींवर हिरवी, झिलई दिलेली. पिवळा रंग बादशहाचा. त्याच्या मर्जीशिवाय तो कुणाच्या छपरावर चढत नसे. शहराच्या ईशान्य भागात, जुन्या तटाच्या आत, एका घरानं मात्र हे दोन्ही रंग पाहिले. १७३५ च्या शरदात त्याच्या मुख्य इमारतींवरची हिरवी कौलं उतरवून पिवळी चढवली गेली, आणि एवढं काम पंधरा दिवसांत उरकलं असं सांगतात. घाई होतीच. घराचा धनी वारला होता आणि त्याची शवपेटी तिथे यायची होती. या घरातून तो बाहेर पडला तेव्हा राजपुत्र होता. परत येत होता तो बादशहा म्हणून.

त्या घराचं आज देऊळ आहे. नाव योंगहगोंग. परदेशी लोक त्याला लामा टेंपल म्हणतात आणि एका सकाळीत बघून मोकळे होतात. मी नोकरीच्या निमित्तानं याच शहरात राहते. मेट्रोच्या दोन आणि पाच नंबरच्या लाइनी जिथे मिळतात त्या स्टेशनलाच या देवळाचं नाव आहे, त्यामुळे येता-जाता पाय तिकडे वळतात. गेले की दर वेळी मी देवळात घर शोधत बसते. मूर्ती, उदबत्त्या, घंटा यांच्या आड कुठे तरी एक नांदतं घर होतं. तिथे एक अबोल राजपुत्र ध्यानाला बसायचा, दुपारची झोप घ्यायचा, त्याची मुलं जन्मत होती, नोकर-चाकर वावरत होते. ते घर अजून दिसतं का, हा माझा नाद.

गेल्या शरदात दादा आला होता. माझा थोरला भाऊ. कोल्हापूरकडे जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे लाकूड दिसलं की त्याचा हात आधी तिकडे जातो. त्याला ग्रेट वॉलपेक्षा इथे न्यावं असं मला आधीपासून वाटत होतं.

दक्षिणेच्या बाजूनं आत शिरलं की आधी रंगीत कमानी लागतात, मग दोन्ही बाजूंना गिंकोची झाडं असलेला लांब रस्ता. ऑक्टोबर संपता संपता ही झाडं अशी पिवळीधमक होतात की लोक नुसते फोटो काढायला येतात. सकाळी नऊच्या सुमाराला त्या रस्त्यावर रांग होती, आणि रांगेत बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली पोरं. कुणी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून आलेलं, कुणी हातात कॉफीचा कप घेऊन. अलीकडच्या काही वर्षांत बीजिंगच्या तरुणांना या देवळाची ओढ लागली आहे. नोकऱ्या मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकतील याची खात्री नाही, स्पर्धा जीव घेते. मग सुट्टीच्या दिवशी इथे येऊन उदबत्ती लावायची आणि देवळाच्या दुकानातून उदबत्तीच्या राखेच्या मण्यांचं ब्रेसलेट घ्यायचं. त्या दुकानाची रांग कधी कधी देवाच्या रांगेपेक्षा मोठी असते.

आत शिरल्यावर उदबत्त्या फुकट मिळतात. त्या इमारतीत न्यायच्या नाहीत. प्रत्येक दालनासमोर उघड्यावर धातूचं धूपपात्र असतं, तिथेच लावायच्या. पोरं आधी उदबत्ती पेटवतात, दोन्ही हातांत धरून कपाळाला लावतात, वाकतात, मग वळून बाकीच्या दिशांना वाकतात आणि शेवटी ती धूपपात्रात ठेवतात. आमच्या पुढे एक मुलगी होती. तिनं डोळे मिटून बराच वेळ ओठ हलवले. उदबत्ती विझली होती हे तिला कळलंच नाही. शेजारच्या अनोळखी मुलानं न बोलता आपली पेटती उदबत्ती पुढे केली, तिनं त्यावर आपली पेटवून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. इतकी मन लावून केलेली प्रार्थना मी फार कमी पाहिली आहे.

दादा मात्र वर बघत होता. खांबाच्या डोक्यावर आणि छपराच्या खाली जी टोड्यांची उतरंड असते, एकावर एक रचलेली, लाकडात लाकूड अडकवलेली, तिच्यावर त्याची नजर खिळली होती.

"अगं, याला खिळा कुठे आहे?"

"शोध की," मी म्हटलं.

त्यानं शोधला. मिळाला नाही. खिळ्यांनी घट्ट न धरता सांध्यांनी धरलेलं छप्पर भूकंपात थोडं हलतं आणि परत जागेवर बसतं, हे त्यानंच मग मला समजावून सांगितलं.

ज्याला हे घर मिळालं त्याचं नाव इनचन. खांगशी बादशहाचा चौथा मुलगा. १६९४ मध्ये इथे त्याच्यासाठी वाडा बांधला गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. खांगशीला मुलगे पुष्कळ होते आणि गादी एकच. युवराजाला बापानं एकदा पदावरून काढलं, परत बसवलं, परत काढलं. भावाभावांमध्ये गट पडले. या सगळ्यात इनचननं एक भूमिका निवडली आणि ती वर्षानुवर्षं निभावली: मला राज्यात रस नाही. १७०९ मध्ये त्याला पहिल्या दर्जाचा राजपुत्र केलं गेलं, तरी तो आपल्या घरात बसून बौद्ध ग्रंथ वाचत होता, भिक्षूंना बोलावून ध्यान करत होता. स्वतःला त्यानं गृहस्थ उपासकाचं नाव घेतलं होतं. १७१२-१३ च्या सुमाराला तो ध्यानाला बसला असताना त्याला जे अनुभव आले त्यांची खूण एका थोर तिबेटी लामानं पटवली. हा लामा चांगक्या नावाच्या अवतारी लामांच्या परंपरेतला. पुढे बादशहा झाल्यावरही इनचन लिहून ठेवतो की आपल्याला खऱ्या अर्थानं वाट दाखवली ती याच गुरूनं.

हे ढोंग होतं का? इतिहासकारांचा एक मोठा वर्ग म्हणतो, होतं. बापाचा संशय येऊ नये म्हणून घेतलेलं वैराग्याचं पांघरूण. त्याला दुजोरा देणारी एक गोष्ट बीजिंगमध्ये अजून सांगतात. या घरातल्या झाडांवर उन्हाळ्यात सिकाडा किडे किर्र करायचे आणि राजपुत्राची झोपमोड व्हायची, म्हणून लांब काठ्यांना चिकट पदार्थ लावून किडे पकडणारे नोकर ठेवले होते. दिसायला किडे पकडणारे, प्रत्यक्षात राजपुत्राचे हेर. गोष्टीत किती तथ्य आहे हा भाग वेगळा. लोकांनी या शांत घराबद्दल काय ओळखलं होतं ते तिच्यातून कळतं.

तरी मला वाटतं, ध्यान खरं होतं. १७२२ च्या हिवाळ्यात खांगशी गेला आणि इनचन योंगचंग बादशहा म्हणून गादीवर आला, त्यानंतरचं त्याचं वागणं भावांच्या बाबतीत निर्दयी आहे. दोन भावांची नावंसुद्धा त्यानं काढून घेतली, त्यांना अपमानास्पद नावं दिली, आणि दोघं १७२६ मध्ये कैदेत मेले. सख्ख्या धाकट्या भावालाही डांबून ठेवलं. याच माणसानं तेरा वर्षं रात्र रात्र जागून प्रांतांतून येणारी पत्रं स्वतः वाचली आणि लाल शाईनं समासात उत्तरं लिहिली, करव्यवस्था सुधारली, आणि १७३३ मध्ये झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या आचार्यांच्या वचनांचं मोठं संकलन स्वतः निवडून छापवलं. गादी हाती आल्यानंतर वैराग्याच्या पांघरुणाची काय गरज होती? राज्य मिळाल्यावरही तो ध्यानाच्या वचनांमध्ये रमत होता, कारण त्याला त्यात रस होता. क्रूरपणा आणि साधना एकाच माणसात राहू शकतात, ही गोष्ट मान्य करायला जड जातं म्हणून आपण दोन्हींपैकी एकाला खोटं ठरवतो. या घरात फिरताना मला तसं करावंसं वाटत नाही.

घराचं मूळ दार आता चार दिक्पालांचं दालन आहे. त्याच्या पुढचा कमानींचा आणि गिंकोचा भाग देऊळ झाल्यावर वाढवलेला, त्यामुळे खरं घर इथून सुरू होतं. मध्यभागी ढेरपोट्या हसरा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, आणि दोन बाजूंना रागीट डोळ्यांचे चार दिक्पाल. त्यापुढचं मोठं दालन म्हणजे राजपुत्राचा दिवाणखाना. इथे तो अधिकाऱ्यांना भेटायचा. आज तिथे भूत, वर्तमान आणि भविष्यकाळाचे तीन बुद्ध बसले आहेत. दरवाजावरच्या पाटीवर मांचू, चिनी, तिबेटी आणि मंगोल अशा चार लिप्या. दादानं आत जाताना उंबरठ्यावर पाय न देता उंच पाऊल टाकलं. शिकवावं लागलं नाही. आमच्या घरातही उंबरठ्यावर पाय दिला की आजी ओरडायची, आणि इथले लोकही नेमकं तेच मानतात.

खरी गंमत त्याच्या मागच्या दालनात. त्याचं नाव योंगयोत्येन. राजपुत्राची राहण्याची, झोपण्याची जागा हीच. बाहेरून पाहिलं तर पाच खणांची इमारत. दादानं बाहेर उभं राहून खण मोजले, आत गेला, आणि थबकला.

"हे पाच नाहीयेत."

"किती आहेत?"

तो खांबांच्या ओळी बोटानं मोजत गेला. पाच पुढे, पाच मागे. पाच-पाच खणांच्या दोन इमारती पाठीला पाठ लावून जोडलेल्या, आणि वरून दिसताना एक वाटाव्यात असं छप्पर घेतलेलं. बाहेरून पाच, आतून दहा. बीजिंगच्या वास्तूंवर लिहिणारे याचा आवर्जून उल्लेख करतात, पण हे वाचून कळत नाही, आत उभं राहून कळतं. आत शिरताना जेवढ्या खोलीची अपेक्षा असते त्याच्या दुप्पट खोली समोर येते, आणि प्रकाश मागच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. दादाला त्याच्याकडच्या दोन चौकी वाड्याची आठवण झाली. तिथेही बाहेरच्या माणसाला पहिल्या चौकापुढे काय आहे याचा पत्ता लागत नाही.

शवपेटी इथे ठेवली होती. योंगचंग १७३५ च्या ऑक्टोबरमध्ये शहराबाहेरच्या उद्यानमहालात अचानक गेला. आधी त्याला राजवाड्यात नेलं आणि नंतर इथे, त्याच्या तरुणपणच्या निजायच्या जागी आणलं. पश्चिमेकडच्या राजसमाधींत त्याचं दफन होईपर्यंत मधला काळ तो इथे होता. नंतर या दालनात त्याचं चित्र ठेवून पूजा होत असे. आज मधोमध बसला आहे अमितायुस, दीर्घायुष्य देणारा बुद्ध. जिथे बादशहाचं शव होतं त्याच जागी लोक आई-वडिलांच्या आयुष्यासाठी हात जोडतात. आम्ही होतो तेव्हा एक मध्यमवयीन बाई गुडघ्यांवर बसून कपाळ टेकत होत्या, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई व्हीलचेअरवर बाजूला बसून त्यांच्याकडे पाहत होत्या. या जागेचा इतिहास त्यांना माहीत असेल-नसेल, त्यानं त्यांच्या प्रार्थनेत काही उणं-अधिक होत नव्हतं.

याच घरात, पूर्वेकडच्या भागात, १७११ मध्ये इनचनला एक मुलगा झाला. होंगली. हाच पुढचा छ्येनलोंग बादशहा, ज्यानं साठ वर्षं राज्य केलं. तो अकरा वर्षांचा असताना आजोबांची, म्हणजे खांगशीची, त्याच्यावर नजर पडली. त्यांनी त्याला आपल्याजवळ राजवाड्यात नेलं. म्हणजे त्याचं बालपण या अंगणांत गेलं. धर्मचक्राच्या दालनात एक कोरीव लाकडी घंगाळ ठेवलं आहे, माशांचे ड्रॅगन होत असल्याचं नक्षीकाम असलेलं. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी होंगलीला त्यात न्हाऊ घातलं असं सांगतात. लोक त्यात नोटा आणि नाणी टाकतात. काठाशी लाटांचं काम इतकं बारीक आहे की कारागिरानं प्रत्येक लाटेची वळी वेगळी ठेवली आहे. दादा त्या घंगाळापाशी बराच वेळ वाकून उभा होता; शेवटी रखवालदारानं पुढे सरकायला सांगितलं.

इतक्या उघड गोष्टीवरही वाद झाला याचं मला नवल वाटतं. छ्येनलोंगच्या मुलानं, च्याछिंग बादशहानं, आपल्या कवितेच्या टिपेत लिहिलं की वडील उत्तरेच्या उन्हाळी राजवाड्यात, छंगदला जन्मले. १८२० मध्ये च्याछिंग वारला तेव्हा दरबाऱ्यांनी काढलेल्या मजकुरातही तेच आलं. नातू ताओक्वांग भडकला. त्यानं ते दुरुस्त करायला लावलं. कारण छ्येनलोंगनं स्वतः हयातभर कवितांमधून लिहून ठेवलं होतं की मी या घरात जन्मलो. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो इथे दर्शनाला यायचा आणि तशा कविता करायचा. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला आपलं जन्मघर पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत होतं. हा भाग मला त्याच्या लढायांपेक्षा जवळचा वाटतो.

१७४४ मध्ये त्यानं हे घर गेलुग, म्हणजे पिवळ्या टोप्यांच्या, पंथाच्या तिबेटी बौद्ध मठाला दिलं. एका बादशहाचं घर आणि दुसऱ्याचं जन्मस्थान म्हणून इथे तिसऱ्या कुणाला राहायला देणं शक्यच नव्हतं. एकदा पिवळी कौलं चढली की तिथे राजपुत्र राहू शकत नाही. रिकामं ठेवलं तर पडझड होणार. पुण्यात शनिवारवाडा १७३२ मध्ये पुरा झाला, योंगचंगच्या कारकिर्दीतच. १८२८ च्या आगीनंतर त्यात काय उरलं ते आपण जाणतो. बीजिंगचं हे घर उभं राहिलं ते माणसांनी वापरत राहिल्यामुळे.

मठ उभा करण्यात मोठा हात होता चांगक्या रोलपै दोर्जे या लामाचा. हा १७१७ मध्ये जन्मला. आधी सांगितलेल्या, योंगचंगचं ध्यान मान्य करणाऱ्या चांगक्या लामाचा हा पुढचा अवतार मानला गेला. आजच्या छिंगहाइ भागातलं बंड मोडताना १७२४ मध्ये योंगचंगच्या सैन्यानं याचा मठ जाळला, आणि सात वर्षांच्या त्या मुलाला बीजिंगला आणलं गेलं. बादशहानं त्याला वाढवलं, आणि तो होंगलीबरोबर शिकला. ज्याच्या सैन्यानं मठ जाळला त्याच्याच दरबारात हा मुलगा मोठा झाला, आणि पुढे त्याच्या मुलाचा गुरू झाला. तिबेटी ग्रंथांचं मंगोल भाषांतर, मूर्तींची प्रमाणं, दीक्षाविधी अशी त्याची कामाची यादी लांब आहे. योंगहगोंगच्या मठात तत्त्वज्ञान, तंत्र, वैद्यक आणि गणित-ज्योतिष अशी चार विद्यालयं सुरू झाली, आणि विद्यार्थी मुख्यतः मंगोल मुलखातून आणले गेले.

मंगोलच का, याचं उत्तर बादशहानंच दगडात कोरून ठेवलं आहे. दिवाणखान्यासमोरच्या अंगणात एका मंडपात चौकोनी शिलालेख उभा आहे, १७९२ चा, चारी बाजूंना चार भाषा. मजकूर छ्येनलोंगचा, वयाच्या ऐंशीनंतरचा. पिवळ्या टोप्यांच्या पंथाला आश्रय दिला की मंगोल शांत राहतात आणि म्हणून हे काम महत्त्वाचं, असं तो त्यात आडपडदा न ठेवता लिहितो. अवतारी लामांच्या निवडी एकाच घराण्यातल्या नातलगांमध्ये फिरू लागल्या आहेत, अशीही त्याची तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून त्यानं सोन्याचे दोन कलश घडवले: एक ल्हासाच्या जोखांग मंदिरात, दुसरा इथे. उमेदवारांची नावं कलशात टाकायची आणि चिठ्ठी काढायची. देवाची निवडसुद्धा बादशहाच्या कलशातून.

दादाला मी हे सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे सगळं राजकारण."

मला ते तितकं सरळ वाटत नाही आणि मी तसं त्याला म्हटलं. त्याच लेखात छ्येनलोंग सांगतो की तो १७४३ पासून तिबेटी ग्रंथ शिकत होता. मंगोलांना खूश ठेवण्यासाठी आश्रय पुरेसा होता. भाषा शिकून, दीक्षा घेऊन, पन्नास वर्षं पाठ करत बसायची गरज नव्हती. बापाची शवपेटी जिथे ठेवली, आपण जिथे जन्मलो, तिथे रोज मंत्रपाठ व्हावा, असं मुलाला वाटलं. राज्यकर्त्याला वाटलं, यातून सरहद्द शांत राहील. दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या, एकाच वर्षीच्या. मला त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी ठरवायची नाही. दादाला पटलं नाही. तो म्हणाला, लाकूड खोटं बोलत नाही, बाकी सगळ्यांचं मला सांगू नकोस. आम्ही पुढे गेलो.

लाकडाचं खरं दर्शन सगळ्यात शेवटी होतं, वानफूको नावाच्या तीन मजली उंच दालनात. आत मैत्रेयाची उभी मूर्ती आहे. एकाच पांढऱ्या चंदनाच्या झाडातून कोरलेली. जमिनीवर अठरा मीटर, आणि जमिनीखाली आणखी आठ मीटर गाडलेलं खोड, म्हणजे एकूण सव्वीस. एका झाडातून कोरलेली सगळ्यात उंच मूर्ती म्हणून १९९० मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली. १७५० च्या सुमाराला बादशहानं ल्हासातली बंडाळी मोडायला फौज पाठवली, त्याबद्दल सातव्या दलाई लामांनी त्याला दिलेली ही भेट. झाड मिळालं नेपाळकडून, आणि ते तिबेटातून सिचुआनमार्गे बीजिंगपर्यंत यायला तीन वर्षं लागली. मूर्ती आधी उभी राहिली आणि इमारत तिच्याभोवती नंतर बांधली गेली, असं इथे सांगतात.

दारातून आत शिरलं की मूर्तीचे फक्त पाय आणि वस्त्राच्या चुण्या दिसतात. चेहरा बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि तो दिसतो तेव्हा वरच्या मजल्यांच्या सज्जांच्या मधल्या पोकळीतून, खाली बघत असलेला. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या दारावर सात बुद्धांच्या ओळीत आठवा मैत्रेय रंगवलेला आहे, हातभर उंचीचासुद्धा नाही. पुढे कधी तरी येणारा बुद्ध. तोच हा. आमच्या देशातून निघालेली ही कल्पना मध्य आशियाचं वाळवंट आणि हिमालय असे दोन्ही रस्ते चालून इथे पोचली, आणि वाटेत एवढी उंच झाली. दादानं हे ऐकलं, पण त्याचा प्रश्न वेगळा होता. तो खाली, चौथऱ्याकडे बघत होता.

"आठ मीटर खाली. पाणी लागलं नसेल?"

मला उत्तर माहीत नव्हतं, पण प्रश्न फार आवडला. तेव्हापासून त्या मूर्तीसमोर उभं राहिलं की मीसुद्धा आधी पायांकडे बघते. या वानफूकोला दोन्ही बाजूंनी लाकडी पूल आहेत, शेजारच्या दोन उंच इमारतींना हवेतून जोडणारे. जवळच, पूर्वेला, छ्येनलोंगच्या आईची पूजेची जागा आहे. तिथलं ड्रॅगनांनी विणलेलं लाकडी मखर पाहायचं चुकवू नये. गर्दी वानफूकोमध्ये असते, तिथे कुणी नसतं.

विसाव्या शतकात या जागेवर वाईट वेळ आली. सांस्कृतिक क्रांतीत चीनभर देवळं फुटत होती; योंगहगोंग बंद झालं पण फुटलं नाही. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी ते वाचवलं असं इथे सर्रास सांगितलं जातं. १९८१ मध्ये दारं पुन्हा उघडली. आज इथले बहुतेक लामा अंतर्मंगोलियातले आहेत, आणि पाठ तिबेटीतच होतात. सकाळी लवकर गेलं तर धर्मचक्राच्या दालनातून त्यांचा खर्जातला आवाज ऐकू येतो. त्या आवाजात उदबत्तीच्या रांगेतली पोरं फोन खिशात टाकतात, हे मी पाहिलं आहे.

दादा शरदात आला, म्हणून त्याचं एक गोष्ट पाहायचं राहिलं. चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्यातल्या अष्टमीला, ऐन थंडीत, इथे लाबाची खीर वाटतात. अंगणात ठेवलेली जुनी तांब्याची प्रचंड कढई मी त्याला दाखवली होती. छिंग काळात, म्हणजे या बादशहांच्या घराण्याच्या राजवटीत, तिच्यात तांदूळ, बाजरीसारखी धान्यं, कडधान्यं, लाल खजूर आणि सुका मेवा घालून खीर शिजायची. बादशहा देखरेखीला मोठे अधिकारी पाठवायचा. पहिला घाणा बुद्धाला. दुसरा राजवाड्याला. तिसरा राजपुत्रांना आणि मोठ्या लामांना. चौथा अधिकाऱ्यांना, त्यातला काही दूरच्या प्रांतांतही जायचा. पाचवा मठातल्या भिक्षूंना. सहावा, आधीच्यांतलं उरलंसुरलं मिळवून, शहरातल्या गोरगरिबांना.

आता राजवाडा म्युझियम आहे आणि राजपुत्र कुणी नाही. खीर पहाटेपासून वाटतात, आणि रांग अंधारातच लागते. मी उभी राहिले तेव्हा थंडी शून्याच्या खाली होती. माझ्या मागे शेजारच्या गल्लीतल्या एक आजी होत्या, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. नातवाची परीक्षा होती, त्याच्यासाठी न्यायची होती. मी परदेशी दिसत असल्यामुळे त्यांनी मला दोन्ही हातांनी भांडं कसं धरायचं ते दाखवलं, आणि खीर गरम आहे तोवरच खा, घरी नेऊन गरम केली तर खजूर फुटतात, असं बजावलं. मी तिथेच, भिंतीला टेकून, हातमोजे काढून खाल्ली. गोड कमी असते. आमच्याकडच्या माणसाला वर गूळ लागेल. दादाला मी लिहिलं आहे की पुढच्या वेळी जानेवारीत ये, आणि येताना जाड मोजे आण.